लिस्बनची सहल: कंपनीचे वेळापत्रक आणि खोलीतली सोबत

9 ते 17 जून 2023 या काळात गोव्यातील एका सहल कंपनीबरोबर मी लिस्बनला जाऊन आले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी मी तिला पत्राने कळवल्या आहेत आणि त्यांचे उत्तर अर्धेच मिळाले आहे. शिवाय अशा सहलीचे पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, हे समजण्यासाठी नावाची गरजही नाही. माणशी 2,65,000 रुपयांत व्हिसा, मुंबईहून आखातामार्गे विमानप्रवास, हॉटेल, सकाळचा नाश्ता, रात्रीचे जेवण आणि बस एवढे येत होते. आम्ही बावीस जण होतो. त्यांत अकरा ख्रिस्ती, नऊ हिंदू आणि गोव्यातल्याच वास्को द गामा (वास्को) शहराचे एक मुसलमान दांपत्य होते. मी फोंड्याची, निवृत्त शिक्षिका, आणि एकटी.

एकटीने जाणाऱ्याला स्वतंत्र खोली हवी असल्यास 48,000 रुपये जास्त पडतात. ते वाचवायचे असतील तर कंपनी आपणहून खोलीसोबती नेमून देते. पैसे भरल्यानंतर आठवड्याने कार्यालयातील मुलीचा फोन आला आणि तिने चाचरत विचारले, ‘‘टीचर, तुमच्याबरोबरच्या बाई ख्रिश्चन आहेत, चालेल ना?’’ गोव्यात साठ वर्षे काढलेल्या बाईला हा प्रश्न विचारावासा वाटला, याचा मला रागच आला. पुढे विमानतळावर कळले की त्याच मुलीने त्या बाईंनाही फोन करून ‘‘टीचर हिंदू आहेत, चालेल ना?’’ असे विचारले होते आणि त्यांनी, ‘‘घोरत नसतील तर चालेल,’’ असे उत्तर दिले होते. कंपनीने या सहलीत जेवढे निर्णय घेतले, त्यांतला सर्वांत चांगला निर्णय आम्हां दोघींना एका खोलीत घालण्याचा होता आणि तोही बहुधा वयाचा रकाना जुळला म्हणून झाला असावा.

बाई दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या, कुवेतमध्ये पंचवीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी करून आलेल्या. पहिल्या रात्री थोडे खटके उडाले. त्यांचा रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणण्याचा वेळ साडेनऊचा आणि माझा झोपण्याचाही साडेनऊचाच. मी पहाटे पाचला उठून स्तोत्र म्हणते आणि त्यांना सहाच्या आत जाग आलेली सोसत नाही. खोलीत आरशाखाली एकच लहान मेज होते. तिथे त्यांनी सांत आंतोन या ख्रिस्ती संताची तसबीर ठेवली, तेव्हा मीही पर्समधून रामनाथाचा फोटो काढून शेजारी ठेवला. त्यांनी फोटो हातात घेऊन पाहिला आणि सहज विचारावे तसे विचारले, ‘‘हा आमच्या गावचा ना?’’

बाई लोटलीच्या निघाल्या. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आज फोंड्यात बांदिवड्याला असलेले रामनाथाचे देवस्थान मूळचे सासष्टीतील लोटली गावचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी देवाला नदीपलीकडे, त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात नसलेल्या मुलखात हलवले. मंगेशाची आणि कवळ्याच्या शांतादुर्गेची गोष्टही अशीच आहे. माझे पूर्वज देवाबरोबर लोटलीहून निघाले, त्यांचे तिथेच राहिले. त्या रात्री आम्ही याहून जास्त काही बोललो नाही, पण दुसऱ्या दिवसापासून रोझरी नऊला आणि स्तोत्र सहाला सुरू होऊ लागले.

हॉटेल स्वच्छ होते आणि मार्तिम मोनिझ चौकापासून चालत दहा मिनिटांवर होते, ही मोठीच सोय. 28 क्रमांकाची ती प्रसिद्ध पिवळी ट्राम याच चौकातून सुटते. मात्र सकाळी नऊनंतर रांग एवढी लांबते की चालत गेलेले बरे, आणि आत गर्दीत पाकीटमारांपासून सावध राहावे लागते. पत्रकात ‘हलके चालणे’ असे लिहिलेले होते, ते मात्र साफ चुकीचे. लिस्बन हे चढउतारांचे शहर आहे. पदपथांवर पांढऱ्या-काळ्या दगडांची जी नक्षीदार फरसबंदी आहे, ती दिसते सुरेख; पण पाऊल घसरते, आणि साठीनंतरच्या माणसाने रबरी तळाचे बूट घातल्याशिवाय तिच्यावर उतरू नये. आमच्यातील दोघांचे गुडघे तिसऱ्या दिवशीच सुजले.

जेवणाबद्दल सांगायचे तर, रोज रात्री एकाच उत्तर भारतीय उपाहारगृहात डाळ मखनी आणि पनीर खायला गोव्याचा माणूस एवढ्या लांब का जाईल, हे मला कळलेले नाही. एक दुपार तेवढी ‘स्थानिक भोजन’ म्हणून राखलेली होती आणि तिथेच घोळ झाला. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पाल्याचे आणि बटाट्याचे सूप सर्वांसमोर आले. वास्कोच्या दांपत्याने डुकराचे मांस चालत नसल्याचे अर्जातच लिहून दिले होते. तरीही त्यांच्या ताटलीत तळाशी दोन लाल चकत्या होत्या. टूर मॅनेजर फोनवर होता. लोटलीच्या बाईंनी त्या चकत्या पलीकडून पाहिल्या आणि जोरात म्हणाल्या, ‘‘भाई, थांबात, हातूंत चुरिस आसा!’’ चुरिस म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. चमचा ओठांपर्यंत पोहोचलेला होता. त्या क्षणापासून भाई आणि भाभी आमच्याच मेजावर बसू लागले आणि प्रत्येक पदार्थ आधी बाईंकडून तपासून घेऊ लागले.

आता मुख्य तक्रार. बेलेंचा फेरफटका, म्हणजे जेरोनिमुशचा मठ आणि तेजो (टॅगस) नदीच्या काठचा बेलेंचा बुरूज, हा लिस्बनच्या कोणत्याही सहलीचा गाभा असतो. या दोन्ही वास्तू 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. कंपनीने तो सोमवारी, 12 जूनला ठेवला. सोमवारी दोन्ही बंद असतात. दुसऱ्या दिवशी 13 जून, सांत आंतोनचा दिवस, म्हणून शहराची सुट्टी. त्या दिवशीही मठ बंदच. हे कळायला लिस्बनला यावे लागत नाही. बसमधून उतरून बावीस जणांनी बंद दारासमोर छायाचित्रे काढली आणि टूर मॅनेजरने ‘बाहेरूनच खरे सौंदर्य दिसते’ असे सांगितले, तेव्हा माझ्यातल्या शिक्षिकेने त्याला मनातल्या मनात बाकावर उभे केले.

तेव्हा वेळ भरून काढण्यासाठी जवळच्या शोधयात्रांच्या स्मारकाकडे नेण्यात आले. 1960 मध्ये उभारलेल्या, जहाजाच्या नाळेसारख्या या स्मारकावर पोर्तुगीज दर्यावर्दी, राजे आणि धर्मोपदेशक यांचे पुतळे ओळीने कोरलेले आहेत. स्थानिक मार्गदर्शक बाई जाणकार होत्या, पण आमचा गट गोव्याचा आहे याचा त्यांच्या बोलण्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही. पुतळ्यांतला सेंट फ्रान्सिस झेवियर लोटलीच्या बाईंनीच प्रथम ओळखला आणि हात जोडले. त्याच रांगेत गोवा जिंकणारा अल्बुकर्क होता आणि वास्को द गामाही होता. मी त्यांच्याकडे पाहत होते. झेवियर 1541 मध्ये याच नदीतून निघाला. 1579 मध्ये येथूनच निघालेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट गोव्यात येऊन मराठी शिकला आणि त्याने ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. हे बाईंना ठाऊक नव्हते. ‘‘म्हणजे पाद्री येऊन मराठीत पुराण सांगत होता?’’ असे त्यांनी तीनदा विचारले. आम्ही आपसांत अर्थात कोकणीतच बोलत होतो. त्या ती रोमी लिपीत लिहितात, मी देवनागरीत, आणि लिहायचे म्हटले की माझ्या हातून मराठी उतरते. हे सारे मार्गदर्शक बाईंना समजावण्याचा प्रयत्न आम्ही केला आणि सोडून दिला.

त्याच सोमवारी रात्री कंपनीच्या पत्रकात ‘विश्रांती’ होती. सहलीतील सर्वांत सुंदर रात्र तीच ठरली. सांत आंतोन जगात पादुआचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा जन्म लिस्बनचा, आणि कॅथेड्रलशेजारी त्याच्या जन्मस्थानी त्याचे चर्च आहे. 12 जूनच्या रात्री आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत दारोदारी शेगड्या पेटतात आणि त्यांवर तारले, म्हणजे सार्डिन मासे, भाजतात. गोव्यात जूनमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या तारल्यांचा तो वास आल्यावर आमच्या चौघांच्या चेहऱ्यांवर जे उमटले ते सांगण्यासारखे नाही. भाई-भाभींना मासळीची अडचण नव्हती. अडचण माझी होती, कारण मी सोमवारी मासे खात नाही. लोटलीच्या बाईंनी मला आग्रह केला नाही, चेष्टाही केली नाही. स्वतःची ताटली हातात घेऊन त्या एका पायरीवर बसल्या आणि घड्याळाकडे पाहू लागल्या. बारा वाजून एक मिनिटाने पावावर ठेवलेला गरम तारला माझ्यापुढे आला. ‘‘टीचर, सोमार सोंपलो, आतां खायात.’’ तोपर्यंत त्यांनी स्वतःही खाल्लेले नव्हते.

त्या गल्ल्यांत प्रत्येक खिडकीत लहान पानांच्या रोपट्याची कुंडी दिसत होती आणि तिच्यात कागदी फूल आणि चार ओळींची चिठ्ठी खोचलेली होती. हे मांजेरिको, आपल्या तुळशीच्याच कुळातले. मी सवयीने वाकून वास घेऊ लागले तर विक्रेत्या म्हातारीने मला थांबवले: नाक रोपाला लावायचे नसते, तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. भाभी म्हणाल्या, त्यांच्या शेजारच्या अंगणातल्या वृंदावनाला त्या लहानपणी असाच हात लावत, कारण जवळ गेले तर शेजारीण ओरडत असे. हे त्या हसत हसत म्हणाल्या. मला हसू आले नाही.

कंपनीच्या रचनेतला मूळ दोष मला याच सुमारास दिसू लागला. पत्रकात ‘हिंदू प्रवाशांसाठी’ लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिर होते, ‘ख्रिस्ती प्रवाशांसाठी’ फातिमाची यात्रा होती, आणि दोन मुसलमान प्रवाशांसाठी काहीच नव्हते. मंदिराला वीस मिनिटे मिळाली आणि तेवढी पुरेशी होती. फातिमाला 13 जूनला नेले, तेव्हा प्रचंड गर्दी होती, कारण 1917 मध्ये मे ते ऑक्टोबर या काळात तेराव्या तारखांशी जोडलेल्या मेरीमातेच्या दर्शनांची तिथे श्रद्धा आहे. ‘इतर प्रवाशांसाठी’ त्या दिवशी हॉटेलात विश्रांती सुचवलेली होती. ती कोणीही घेतली नाही. गुडघ्यांवर चालत जाणारी माणसे, नवसाचे मेणाचे हातपाय, मेणबत्त्यांचा लोट, हे पाहून मला म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आठवली, जिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. भाभी मात्र वेगळ्याच कारणाने गहिवरल्या होत्या. एवढ्या लांब, ख्रिस्ती लोकांच्या सर्वांत मोठ्या यात्रेच्या गावाला पैगंबरांच्या मुलीचे नाव असावे, हे त्यांना पुन्हा पुन्हा नवल वाटत होते. हे नाव त्या प्रदेशातील जुन्या अरबी अमलापासूनचे आहे, असे भाईंनी सांगितले. भाईंनी मस्कतच्या बंदरात वीस वर्षे काम केले असल्यामुळे अरबी त्यांना चांगली येते. आल्फामा हे नावही गरम पाण्याच्या झऱ्यांसाठीच्या अरबी शब्दावरून आलेले आहे, हे मार्गदर्शक बाईंआधी त्यांनीच ओळखले होते.

बुधवारी दुपारी मोकळा वेळ होता. आम्ही चौघे स्वखर्चाने जेरोनिमुशला परत गेलो. 1501 च्या सुमारास सुरू झालेले ते बांधकाम, दोर, पोवळी आणि वेली यांच्या कोरीव कामाने भरलेले त्याचे खांब, यांबद्दल जे वाचले होते ते कमीच होते. दारातून आत शिरताच वास्को द गामाची कबर आहे. भाई तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी खिशातून आधार कार्ड काढले आणि पत्त्यातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ‘‘या माणसाने 1502 मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज जाळले,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘आणि माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रावर याचेच नाव असते.’’ कोणीच काही बोलले नाही. लोटलीच्या बाईंनी त्या कबरीचे छायाचित्र काढण्यासाठी वर केलेला फोन खाली घेतला.

गुरुवारी सकाळी मी मुद्दाम ठरवून आल्जुबे संग्रहालयात गेले आणि तिघेही माझ्याबरोबर आले. कंपनीच्या यादीत याचे नावही नाही, आणि गोव्यातून जाणाऱ्या कंपनीच्या यादीत ते नसावे हे मला सर्वांत जास्त खटकलेले आहे. कॅथेड्रलला लागून असलेला हा जुना तुरुंग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत राजकीय कैद्यांसाठी वापरला जात असे. 2015 पासून तिथे संग्रहालय आहे. एका माणसाला जेमतेम आडवे होता येईल अशा कोठड्या तिथे दिसतात. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात कैदेत होते, येथे नव्हे, हे मला माहीत होते. पण त्या कोठडीपुढे उभे राहिल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दुसरे कोणी आले नाही. रानडे म्हणजे मूळचे सांगलीचे मनोहर आपटे, मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेले, 1955 मध्ये पकडले गेलेले. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, आणि ते सुटले 1969 मध्ये. आमच्या घरी त्यांचे नाव वडील उभे राहून घेत. हे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांचे वडील पोर्तुगीज सरकारात कारकून होते आणि त्या डिसेंबरात ते तीन दिवस जेवले नव्हते. ‘‘तुझे वडील आनंदात होते आणि माझे रडत होते, आणि दोघांच्या मध्ये फक्त जुवारीचे पाणी,’’ असे म्हणताना त्या मला प्रथमच ‘तू’ म्हणाल्या. टीचर गळून पडले ते तेव्हापासून.

तिथून उतरून आम्ही सां दोमिंगुश चर्चकडे गेलो. 1959 च्या आगीने जळालेले त्याचे आतले खांब तसेच ठेवले आहेत. बाहेरच्या चौकात 1506 च्या कत्तलीत मारल्या गेलेल्या ज्यूंचे, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचे स्मारक आहे. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, गोव्यातही 1560 मध्ये आले आणि 1812 पर्यंत राहिले, हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवलेला आहे. पण तो शिकवताना समोर सासष्टीची बाई कधी बसलेली नव्हती. मी काही सांगू लागले नाही. त्यांनीच स्मारकावरचा मजकूर वाचला आणि विचारले, ‘‘रामनाथ गेला तो यामुळेच ना?’’ मी हो म्हटले. मग त्या आत जाऊन दोन मेणबत्त्या लावून आल्या. दुसरी कोणासाठी, हे मी विचारले नाही.

शुक्रवारी दुपारी वेळापत्रकात नदीपलीकडच्या शॉपिंग आउटलेटची चार तासांची भेट होती. भाईंना जुम्म्याच्या नमाजासाठी सेंट्रल मशिदीत जायचे होते, तर टूर मॅनेजरने ‘गट सोडून स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे’ अशा कागदावर सही मागितली. आम्ही दोघींनीही सही करून बस सोडली. 1985 मध्ये सुरू झालेल्या या मशिदीत मोझांबिकहून आलेली अनेक कुटुंबे येतात आणि त्यांतल्या कित्येकांची मुळे गुजरातेत आहेत. प्रांगणात मला पोर्तुगीजबरोबर गुजरातीही ऐकू आली. भाभी आत गेल्या, आम्ही दोघी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. भाईंचे काका कधीकाळी गोव्याहून मोझांबिकला गेले होते, त्यांच्या ओळखीचे कोणी भेटेल अशी त्यांना आशा होती. तसे कोणी भेटले नाही. मात्र एका वृद्ध गृहस्थाने आम्ही चौघे एकत्र आलेले पाहून चहा पाजला आणि आम्ही एकाच घरातले आहोत का, असे विचारले. बाईंनी ताबडतोब हो म्हणून सांगितले.

एकंदर सेवेविषयी: व्हिसाचे काम चोख, हॉटेल चांगले, बस वेळेवर; जेवण कंटाळवाणे, मार्गदर्शन साधारण, वेळापत्रक बेफिकीर. पाचपैकी मी अडीच गुण देईन. एकटीने जाणाऱ्यांनी स्वतंत्र खोलीचे पैसे जरूर वाचवावेत.

माझ्या पत्राच्या उत्तरात कंपनीने बंद मठाबद्दल खेद व्यक्त केला आहे आणि पुढच्या सहलीसाठी माणशी 10,000 रुपयांचे कूपन पाठवले आहे. पुढची सहल इस्तंबूलची आहे आणि आम्ही चौघांनी चौकशी केली आहे. पत्रकात तोपकापी राजवाडा मंगळवारी घातलेला आहे. तो मंगळवारी बंद असतो. फोन लोटलीच्या बाई करणार आहेत, कारण त्यांच्या मते मी भांडायला लागले की मराठीत शिरते आणि समोरच्याला ते भाषण वाटते.